कालचे आलेले, आजचे बाकावरचे: प्रौढ बाप्तिस्म्याविषयी वाचकांचे प्रश्न

मोठ्या वयात कॅथोलिक श्रद्धा स्वीकारणाऱ्यांविषयी या वेळी एकदम बरीच पत्रं आली, आणि त्याचं आश्चर्य नाही. फ्रान्समध्ये २०२४ च्या ईस्टरला ७,१३५ प्रौढांनी बाप्तिस्मा घेतला होता, २०२५ मध्ये तो आकडा १०,३८४ झाला. सगळीकडे असंच घडतंय असं नाही. पण दोनच माणसं नव्याने आली तरी धर्मग्रामाला (एका चर्चभोवतीच्या भाविकांच्या समुदायाला) ते जाणवतं. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न: आमच्याकडे मोठेपणी बाप्तिस्मा घेतलेलेच आता वाचन करतात, आराधनेला पहिल्या बाकावर बसतात आणि मिस्सेत, म्हणजे मुख्य उपासनाविधीत, काही चुकलं तर दाखवूनही देतात. जुनी मंडळी म्हणतात, ‘कालचे आलेले आम्हाला शिकवणार!’ अशा लोकांमुळे धर्मग्राम कडक आणि जुन्या वळणाचा होत जातो, हे खरं का?

नवे लोक एकाच दिशेला ओढतात, असं इतिहासात तरी दिसत नाही. जॉन हेन्री न्यूमन १८४५ मध्ये अँग्लिकन चर्चमधून आले, हेन्री मॅनिंग १८५१ मध्ये. दोघेही पुढे कार्डिनल झाले. पण १८७० च्या व्हॅटिकन परिषदेत पोपच्या अस्खलनशीलतेची (श्रद्धेविषयी अधिकृत निर्णय देताना पोप चुकू शकत नाहीत, या तत्त्वाची) व्याख्या व्हावी म्हणून मॅनिंग जिवाचं रान करत होते आणि न्यूमन म्हणत होते की ही वेळ नव्हे. त्याच न्यूमननी १८५९ मध्ये लेख लिहून दाखवून दिलं होतं की चौथ्या शतकातल्या एरियन वादात (ख्रिस्ताच्या देवत्वाविषयीच्या वादात) अनेक बिशप डळमळले, तेव्हा सामान्य भाविकांनी श्रद्धा राखली. रोमला तो लेख रुचला नाही. डोरोथी डे १९२७ मध्ये आल्या आणि १९३३ मध्ये त्यांनी पीटर मॉरीन यांच्यासोबत ‘कॅथोलिक वर्कर’ सुरू केलं, गरिबांना जेवण आणि निवारा देणारं. त्यांना कडक म्हणायचं की मोकळं?

तरीही जुन्या मंडळींची तक्रार निम्मी खरी आहे. जन्मापासून कॅथोलिक असलेला माणूस श्रद्धा कानाने शिकतो: आजीच्या जपमाळेतून, मिस्सेच्या लयीतून. मोठेपणी येणाऱ्याला मात्र एकेका गोष्टीला जाणीवपूर्वक ‘हो’ म्हणावं लागतं. त्यामुळे पहिली दोनेक वर्षं त्याच्याजवळ ज्ञान जास्त आणि सवय कमी असते. धर्मशिक्षण ग्रंथाचा परिच्छेद त्याला तोंडपाठ असतो, पण मयत झालेल्या घरी जाऊन गप्प कसं बसायचं हे ठाऊक नसतं. ती सवय वर्गात लागत नाही, माणसांत राहून लागते. म्हणून त्याला चुका काढण्याच्या कामावरून हलवून आजाऱ्यांच्या भेटीला सोबत न्या.

चूक दाखवली जाते तेव्हा आधी ती खरंच चूक आहे का, हे बघा. एक नेहमीचं उदाहरण: कोणी गुडघे टेकून जिभेवर कम्युनियन (मिस्सेत दिली जाणारी पवित्र भाकर) घेतं, शेजारचा उभा राहून हातावर घेतो. रोमच्या २००४ च्या सूचनेनुसार जिभेवर घेण्याचा हक्क प्रत्येकाला नेहमीच आहे आणि गुडघे टेकले म्हणून कोणाला कम्युनियन नाकारता येत नाही. जिथे परवानगी दिलेली आहे तिथे हातावर घेणंही तितकंच योग्य. म्हणजे नव्याने जुन्याला ‘तुमची श्रद्धा पातळ’ म्हणायचं कारण नाही, आणि जुन्याने नव्याला ‘नाटकी’ म्हणायचंही नाही.

नव्यांच्या उत्साहाचं सर्वांत बोलकं उदाहरण कोरियातलं. १७८४ मध्ये यी सुंग-हुन पेकिंगला (आजचं बीजिंग) बाप्तिस्मा घेऊन परतले आणि कोरियात एकही धर्मगुरू नसताना सामान्य लोकांनीच ख्रिस्तसभा (चर्च) उभी केली. पुस्तकं वाचून त्यांनी आपल्यातूनच ‘धर्मगुरू’ नेमले आणि मिस्साही सुरू केली. मग शंका आली. त्यांनी पेकिंगच्या बिशपांना पत्राने विचारलं, हे चालत नाही असं उत्तर आलं आणि त्यांनी ते थांबवलं. चुकले, विचारलं, ऐकलं. तुमच्याकडचे नवे लोक विचारत असतील तर काळजीचं कारण नाही. काळजी करायची ती विचारणं बंद झाल्यावर.

प्रश्न: आमच्या ओळखीचा एक तरुण ‘तीन महिन्यांत बाप्तिस्मा द्या’ म्हणतो. एवढा वेळ का लागतो? काही सूट मिळते का?

वेळ अभ्यासक्रमासाठी लागत नाही. जगण्याची सवय बदलायला लागतो. तिसऱ्या शतकाशी जोडल्या जाणाऱ्या ‘अपोस्टोलिक ट्रॅडिशन’मध्ये तर तीन वर्षं सांगितली आहेत. पुढे ही पद्धत लोपली. १९६३ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ती पुन्हा सुरू करायला सांगितलं आणि ६ जानेवारी १९७२ ला प्रौढांच्या दीक्षेचा नवा विधी जाहीर झाला. त्यात चार काळ आहेत आणि त्यांच्या मधे तीन पायऱ्या.

पहिला काळ चौकशीचा, त्याला मुदत नाही. मग स्वीकाराचा विधी होतो: कपाळावर आणि इंद्रियांवर क्रुसाची खूण करतात, नाव दीक्षार्थींच्या वहीत चढतं. इथून तो दीक्षार्थी, म्हणजे बाप्तिस्म्याची तयारी करणारा. बाप्तिस्म्याआधी वारला तर त्याचा अंत्यविधी कॅथोलिक म्हणूनच होतो, कॅनन (ख्रिस्तसभेच्या कायद्याचं कलम) ११८३ ते स्पष्ट सांगतो. दीक्षार्थी-काळ गरज पडली तर अनेक वर्षंही चालू शकतो; किमान एक पूर्ण उपासनावर्ष असावं, असं अनेक ठिकाणी धरतात. प्रायश्चित्तकाळाच्या (ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या) पहिल्या रविवारी, सहसा बिशपांसमोर, निवडीचा विधी होतो. तिथून शुद्धीकरणाचा काळ सुरू. तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या रविवारी परीक्षण-प्रार्थना (दीक्षार्थींच्या पापापासून सुटकेसाठीच्या प्रार्थना) होतात आणि त्या दिवशी योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी स्त्री, जन्मांध माणूस आणि लाझरस ही तीन वाचनं घेतात. वाचनांच्या तीन वर्षांच्या चक्रात (‘अ’, ‘ब’, ‘क’) ते वर्ष ‘ब’ किंवा ‘क’ असलं तरी त्या मिस्सेला वाचनं ‘अ’ वर्षाचीच. मधल्या आठवड्यांत विश्वासांगीकार (श्रद्धेचं विधान) आणि प्रभूची प्रार्थना त्यांच्या स्वाधीन करतात. मग ईस्टर जागरणाच्या रात्री बाप्तिस्मा, दृढीकरण (पवित्र आत्म्याच्या वरदानाचा संस्कार) आणि पहिलं कम्युनियन, तिन्ही एकत्र. त्यानंतर पेंटेकॉस्टपर्यंतचा (ईस्टरपासूनच्या पन्नासाव्या दिवसापर्यंतचा) शेवटचा काळ, त्याविषयी पुढे.

सूट आहे, पण ती बिशपांच्या हातात. गंभीर कारण असेल तर ते एक परीक्षण-प्रार्थना माफ करू शकतात, अगदी विशेष परिस्थितीत दोन. संक्षिप्त विधीलाही त्यांचीच परवानगी लागते. मरण समोर असेल तर गोष्ट वेगळी. मुख्य सत्यं ठाऊक असावीत, इच्छा दिसावी आणि आज्ञा पाळायचं वचन द्यावं, एवढं पुरतं. तेव्हा धर्मगुरू नसला तर योग्य हेतूने कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतं. चौदा वर्षं पूर्ण झालेल्यांचा बाप्तिस्मा असेल तर आधी बिशपांना कळवायचं असतं. हे पत्र पाठवायचं राहून जातं आणि पवित्र सप्ताहात धावपळ होते.

बहुतेक ठिकाणी खरी चूक होते ती शाळेचं वेळापत्रक लावण्याची. वर्ग अमुक महिन्यात सुरू, ईस्टरला निकाल. मग मधेच आलेल्या माणसाला एक तर घाईने ढकलतात, नाहीतर ‘पुढच्या वर्षी या’ म्हणतात, आणि तो पुन्हा येत नाही. चौकशीचं दार वर्षभर उघडं ठेवा. त्या तरुणाला कोणीतरी हेही विचारावं की तीन महिनेच का. लग्नाची तारीख ठरली असेल, घरच्यांचा दबाव असेल. परिषदेच्या मिशनकार्यावरच्या आदेशात (१९६५) साफ लिहिलं आहे की कोणावर जबरदस्ती करायची नाही, आमिष दाखवायचं नाही आणि येणाऱ्याचे हेतूही तपासायचे.

प्रश्न: दीक्षार्थींना प्रवचनानंतर बाहेर पाठवतात. हा त्यांचा अपमान नाही का?

पाठवण्याची पद्धत चुकली तर नक्कीच वाटतो. विधीचा अर्थ असा की ते शब्दाने पोसले जातात, वेदीजवळ अजून येऊ शकत नाहीत, म्हणून तोच शब्द घेऊन बसायला जातात. धर्मगुरूंनी नुसतं ‘जा’ म्हणू नये, आशीर्वाद देऊन निरोप द्यावा. शिक्षकाने शुभवर्तमानाचा ग्रंथ हातात घेऊन पुढे चालावं. खोलीत खुर्च्या गोलात आधीच मांडून ठेवाव्यात. वीस-पंचवीस मिनिटं पुरतात: शुभवर्तमान पुन्हा एकदा वाचा, कोणता शब्द अडला विचारा, या आठवड्यात त्याचं काय करायचं विचारा. तिथे नवा धडा काढायचा नाही. आणि मिस्सा संपताच गॉडपेरेंटने (बाप्तिस्म्याला सोबत उभं राहणाऱ्या मार्गदर्शकाने) दारात भेटायचं. ही भेट चुकली की माणूस एकटाच घरी जातो, आणि मग खरंच हाकलल्यासारखं वाटतं.

या निरोपाचा परिणाम बाकांवरच्या लोकांवरही होतो, तो फारसा कोणी मोजत नाही. आपण ज्यासाठी थांबतो आहोत त्यासाठी कोणीतरी आठवड्यामागून आठवडे वाट बघतंय, हे दर रविवारी डोळ्यांसमोर घडतं.

प्रश्न: एका आईचा बाप्तिस्मा आहे, सोबत तिची नऊ वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा. मुलीचं दृढीकरण तिच्या वर्गासोबत नंतर करावं, असं आमच्या मंडळात ठरलं. बरोबर ना?

नाही. सात वर्षं पूर्ण झाली की कळतं वय धरतात आणि त्यापुढच्या मुलांना प्रौढांच्या बाप्तिस्म्याचेच नियम लागतात (कॅनन ९७ आणि ८५२). म्हणून मुलीला बाप्तिस्मा, दृढीकरण आणि कम्युनियन एकाच वेळी मिळायला हवं. तसं न करायला गंभीर कारण लागतं, आणि ‘वर्गातल्या मुली अजून व्हायच्या आहेत’ हे गंभीर कारण होत नाही. बाप्तिस्मा देणाऱ्या धर्मगुरूला अशा वेळी दृढीकरणाचा अधिकार कायद्यानेच मिळतो (कॅनन ८८३) आणि तो वापरणं त्याच्यावर बंधनकारक आहे (कॅनन ८८५). वेगळी परवानगी मागायची गरज नाही. दृढीकरणाचं क्रिझम तेल तेवढं आधी हाताशी ठेवा.

चार वर्षांच्या मुलाला मात्र बालकांच्या विधीने फक्त बाप्तिस्मा. बाकीचे संस्कार तो यथाकाल घेईल.

इतर पालक कुरकुरतील: ‘आमची मुलं थांबतात, हिला लगेच?’ कुरकुर होऊ द्या. बाप्तिस्मा, दृढीकरण, कम्युनियन हा क्रमच मुळातला आहे. तुमच्या मुलांचा क्रम बदलला तो इतिहासाच्या ओघात. एका मुलीमुळे सगळ्या धर्मग्रामाला हा प्रश्न पडला तर पडू द्या.

प्रश्न: दुसऱ्या ख्रिस्ती पंथातून आलेल्या जोडप्याला आम्ही दीक्षार्थींच्या वर्गात बसवलं. त्यांना वाईट वाटलं.

वाटणारच. त्यांचा बाप्तिस्मा झालेला आहे. पाणी आणि ‘पिता, पुत्र व पवित्र आत्मा’ यांच्या नावाने झालेला बाप्तिस्मा ख्रिस्तसभा मानते आणि तो पुन्हा देता येत नाही. ते दीक्षार्थी नव्हेत. परीक्षण-प्रार्थना त्यांच्यासाठी नाहीत, मिस्सेतून बाहेर पाठवणं तर नाहीच. त्यांना पूर्ण सहभागितेत स्वीकारायचं असतं. विधीचं धोरण प्रेषितांच्या कृत्यांमधलं आहे: गरजेपेक्षा जास्त ओझं नको. ज्यांनी वर्षानुवर्षं बायबल वाचलं आणि प्रार्थना केली त्यांना पहिलीपासून शिकवू नका. संत, संस्कार, ख्रिस्तसभेचा अधिकार, जिथे फरक आहे तेवढंच बोला.

कागद आधी मागवा. बाप्तिस्म्याचा दाखला मिळत नसेल तर प्रत्यक्ष पाहिलेला एक साक्षीदारही पुरतो. सूत्र काय वापरलं होतं ते विचारा. ‘मी’ ऐवजी ‘आम्ही तुला बाप्तिस्मा देतो’ म्हटलं असेल तर तो बाप्तिस्मा वैध नाही, असं रोमने ऑगस्ट २०२० मध्ये सांगितलं आहे. नीट चौकशी करूनही शंका उरली तरच सशर्त (‘आधी झाला नसेल तर’ असं म्हणून दिलेला) बाप्तिस्मा, तोही गाजावाजा न करता.

स्वीकाराआधी त्यांनी कन्फेशन करावं. दीक्षार्थींना बाप्तिस्म्याआधी त्याची गरज नसते, कारण बाप्तिस्म्यात सर्व पापं धुतली जातात. दोन गटांना एकाच रांगेत उभं केलं की गोंधळ होतो तो इथेच. स्वीकारासाठी ईस्टर जागरणाची वाट पाहायची गरज नाही, कोणताही रविवार चालतो. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती असतील तर त्यांचं दृढीकरण झालेलंच असतं, ते पुन्हा करायचं नाही. ते आपोआप लॅटिन (रोमन) परंपरेचे कॅथोलिक होत नाहीत, आपल्या परंपरेच्या पौर्वात्य कॅथोलिक सभेत मोडतात. हे न पाहता नोंद केली तर पुढे लग्नाच्या वेळी अडचण येते.

गट म्हणून आलेल्यांचा वारसा पुसायचा नाही, हेही आता कायद्यात आलेलं आहे. २००९ मध्ये सोळाव्या बेनेडिक्टनी अँग्लिकन परंपरेतून येणाऱ्यांसाठी ऑर्डिनरिएटची (आपली परंपरा राखणाऱ्या, धर्मप्रांतासारख्या विभागाची) व्यवस्था केली, पहिलं ऑर्डिनरिएट २०११ मध्ये इंग्लंडमध्ये सुरू झालं आणि २०१५ च्या आगमनकाळापासून त्यांचा स्वतःचा मिस्साग्रंथही वापरात आहे. ती प्रार्थनेची भाषा आता कॅथोलिक उपासनेचा भाग आहे.

प्रश्न: लग्नाची चौकशी कधी करायची?

पहिल्या भेटीत. प्रायश्चित्तकाळात नव्हे. दोघेही बाप्तिस्मा न घेतलेले असताना रीतसर झालेलं लग्न ख्रिस्तसभा वैध धरते. पुन्हा लग्न लावायचं नसतं. दोघांचाही बाप्तिस्मा झाला की तेच लग्न संस्कार होतं. पण आधी घटस्फोट होऊन दुसरं लग्न झालं असेल तर पहिल्या लग्नाचा प्रश्न धर्मप्रांताच्या न्यायालयात सुटल्याशिवाय पुढे जाता येत नाही. संत पॉलच्या नावाची सवलत (कॅनन ११४३: बाप्तिस्मा न झालेल्या दोघांपैकी एकाने बाप्तिस्मा घेतल्यावर दुसरा सोबत राहायला तयार नसेल तर ते लग्न सुटण्याची) काही प्रकरणांत लागू होते, तेही तिथेच ठरतं. माणूस तोवर दीक्षार्थी राहू शकतो, निवडीच्या विधीला मात्र थांबावं लागतं. हे त्याला पहिल्या महिन्यात कळलं तर तो समजून घेतो. पवित्र सप्ताहात कळलं तर तुटतो, आणि दोष त्याचा नसतो.

प्रश्न: ईस्टरला टाळ्या, केक, फोटो. पेंटेकॉस्टपर्यंत निम्मे दिसेनासे होतात. आमचं काय चुकतं?

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हा. आमच्या मते दोष बहुतेक वेळा शिकवण्यात नसतो, थांबण्यात असतो. वर्षभर त्या माणसाला दर आठवड्याला एक ठरलेली वेळ, ओळखीचे सहा-आठ चेहरे आणि त्याच्या प्रश्नांना कान मिळाले. ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी ते सगळं एकदम बंद होतं. त्याची श्रद्धा गेलेली नसते, मंडळी गेलेली असतात.

म्हणून ईस्टरनंतरचे पन्नास दिवस विधीचाच भाग आहेत. जेरुसलेममध्ये चौथ्या शतकात नवदीक्षितांना संस्कारांचा अर्थ बाप्तिस्म्यानंतर समजावत असत: आधी अनुभव, मग उलगडा. व्यवहारात असं करा. तीच खोली, तीच वेळ, पेंटेकॉस्टपर्यंत दर आठवडा. विषय एकच: त्या रात्री काय झालं? पाण्यात काय वाटलं, पांढरं वस्त्र का, पास्का-मेणबत्तीवरून आपली मेणबत्ती का पेटवली? रविवारच्या मिस्सेत त्यांना गॉडपेरेंटसोबत बसायला जागा ठेवा, भाविकांच्या प्रार्थनेत त्यांची आठवण करा. पेंटेकॉस्टनंतर वर्षभर महिन्यातून एकदा भेटा. वर्ष झालं की पहिल्या वाढदिवसाला सगळ्यांना जमवा. विधीत तसं सुचवलेलंच आहे. बिशपांनीही वर्षातून एकदा तरी नवदीक्षितांना भेटावं असं त्यात आहे. आठवण करून द्यायला लाजू नका.

गॉडपेरेंट निवडताना केलेली घाई इथे भोवते. किमान सोळा वर्षांचा, दृढीकरण झालेला, श्रद्धेने जगणारा कॅथोलिक, आणि आई किंवा वडील नव्हे, इतकं कायदा सांगतो. जोडीदाराला कायदा मनाई करत नाही, तरी तो निवडू नये: घरातलं भांडण झालं की मार्गदर्शकही गेला. जो दर रविवारी त्याच मिस्सेला असतो, तो घ्या. पदाने मोठा पण वर्षातून चारदा दिसणारा नको.

प्रश्न: नव्याने आलेल्याला मिस्सेत साक्ष द्यायला सांगावं का? मंडळावर घ्यावं का?

साक्षीची घाई नको. बोलणाऱ्याला टाळ्या मिळतात आणि मग त्याची गोष्ट दर वेळी थोडी अधिक रंगते. त्याच्या घरचे, जे अजून आपल्या जुन्या श्रद्धेत आहेत, त्यांच्या कानावर ती वेगळ्याच रूपात जाते आणि दुखावते. त्याने स्वतःहून विचारलं तर लहान गटात बोलू द्या, मिस्सेच्या प्रवचनात नको.

पदांच्या बाबतीत ख्रिस्तसभेची सावधगिरी जुनी आहे. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात अध्यक्ष नवशिका नसावा असं आहे, नाहीतर तो गर्वाने फुगेल. ३२५ च्या निकेआ परिषदेचा दुसरा नियम नवदीक्षितांना घाईने धर्मगुरू किंवा बिशप करायला मनाई करतो, आणि आजही कॅनन १०४२ नुसार नवदीक्षिताला पुरेसा पारखल्याशिवाय धर्मगुरूपद मिळत नाही. अपवाद घडला, तोही दणदणीत: ३७४ मध्ये अँब्रोज मिलानचे बिशप निवडले गेले तेव्हा ते नुसते दीक्षार्थी होते. आठवड्याभरात बाप्तिस्मा आणि बिशपपद दोन्ही झालं. पुढे ३८७ च्या ईस्टरला त्यांनीच ऑगस्टीनना बाप्तिस्मा दिला. पण तुमच्या धर्मग्रामात अँब्रोज आले आहेत, असं धरून चालू नका.

पहिलं वर्ष कामाविना जाऊ द्या. दुसऱ्या वर्षी एकच काम द्या, शक्यतो हाताचं: वेदीची मांडणी, आजाऱ्यांच्या भेटी, वाचन. दीक्षार्थींच्या वर्गात मदतनीस म्हणून त्यांना जरूर घ्या. नव्या माणसाला काय कळत नाही हे त्यांनाच नेमकं आठवतं. शिकवण्याची मुख्य जबाबदारी मात्र तिसऱ्या वर्षाच्या आत देऊ नका. आणि मंडळावर घ्याल तेव्हा ‘नव्यांचा प्रतिनिधी’ म्हणून घेऊ नका. तोपर्यंत तो नवा राहिलेला नसतो.